सात नंबरचा रोजचा डोस

६ फेब्रुवारी

आजपासून भांडायचं ते कागदावर. तोंडाने भांडले की लेक उत्तर द्यायला जातो आणि त्याला धाप लागते. सकाळी एवढंच विचारलं, ओला टॉवेल पलंगावर टाकू नये ही अक्कल या वयात तरी येणार का? तो "आई, मी" एवढं म्हणाला आणि पुढचं वाक्य छातीतच अडकलं. ओठ निळे पडले. मी टॉवेल उचलला आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या जिवावर येतं, म्हणून ही वही. शाळा माझी चार इयत्तांची. जोडाक्षरं चुकतील. चुकू देत, कोण तपासतंय.

घरात आम्ही तिघं. मी, लेक आणि त्याची मुलगी. सून पोरगी शाळेत असतानाच दुसरं घर करून गेली, तिच्यावर एवढी शाई पुरे. लेक लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या शहराला वर नेऊन सोडलं आणि आपण राहतो त्या इमारतीला लिफ्टच नाही. हे बोलून दाखवलं तर म्हणतो, "आई, सुतार कधी स्वतःच्या घरची खुर्ची नीट करतो का?" विनोद करायची हौस फार, दम मात्र नाही.

नातीला मी टाचणी म्हणते. अंगाने तशीच, बोलायलाही तशीच. मी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, टाचण्या ओठांत धरून बोलायची मला सवय, त्यामुळे आमचं जमतं.

लेकाच्या हृदयाचा स्नायू ताणला जाऊन सैल पडलाय. इलॅस्टिक गेल्यासारखा. याच्या बापाचंही हेच झालं होतं, तेव्हा दुखण्याला नाव नव्हतं. पंचेचाळिशीत कामावर उभ्या उभ्या कोसळला. रक्तातून खाली येतं म्हणे हे. माझ्या रक्तातून नाही. माझं काळीज घोड्याचं आहे, डॉक्टरांनीच सांगितलं.

११ फेब्रुवारी

टाचणीने आज बापाला तिच्या लॅबमध्ये नेलं, ती कामाला आहे तिथे. तिथल्या डॉक्टरने त्याच्या दंडाची कातडी काढून घेतली, मसुराच्या दाण्याएवढी. आता त्या दाण्यातून हृदय करायचं आहे. मी म्हटलं, कातडीतून हृदय? तर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मला शिकवायला लागली.

"आजी, पोटातल्या बाळाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींना काय हवं ते होता येतं. हाड, मेंदू, हृदय. पण एकदा पेशी कातडी झाली की झाली, मागे फिरत नाही. तिला चार हुकूम दिले की ती मागे जाते. परत बाळासारखी होते. मग तिला पुढे आणताना वेगळ्या वाटेने आणायचं, हृदयाच्या."

"मग द्या की हुकूम. घोडं अडलंय कुठे?"

"आत पोचवायचे कसे, तिथेच. पेशीचं दार बंद असतं. पूर्वी हुकूम विषाणूच्या पाठीवर बसवून आत धाडायचे, कारण घुसायची कला विषाणूकडे जन्मजात. पण तो आत गेला की आपलं सामान पेशीच्या मूळ मजकुरात कुठेतरी कोंबतो. ते तिथेच राहतं. पुढे त्यातून गाठ उठू शकते."

"पाहुणा गेला तरी त्याची ट्रंक आपल्याच घरात."

ती हसली. "तेच. म्हणून आम्ही विषाणू वापरत नाही. हुकूम द्यायचे, काम करून घ्यायचं, आणि मागे काही म्हणजे काही ठेवायचं नाही."

हे मला लगेच कळलं. कच्चा टाका. कापड बसेपर्यंत घालायचा, पक्की शिलाई पडली की ओढून काढायचा. मी म्हटलं, "हे एका शब्दात सांगता आलं असतं, उगाच विषाणूपर्यंत फिरवून आणलंस."

लेकाला जाऊन सांगितलं, "तुझं नवं हृदय शिवायला टाकलंय, आता खंगायचं नाही." त्याने टाचणीकडे पाहिलं. ती नळाखाली कप धूत होती, एकच कप किती वेळ धुवावा. मग तो म्हणाला, "माप नीट दिलंय ना? मागचा सदरा आखूड केला होतास."

टाचणीच्याही दंडाला चिकटपट्टी दिसली. विचारलं तर म्हणे गरम ताटलीला लागलं. दंड कसा लागतो ताटलीला? कामात लक्ष नाही पोरीचं.

१९ फेब्रुवारी

लॅबमध्ये कुणाचं नाव लिहीत नाहीत, नंबर देतात. लेकाचा नंबर सात. त्याच दिवशी कुणा दुसऱ्याची कातडी आली, तिला आठ. दोन्ही टाचणीच्याच हाताखाली. तिथल्या मोठ्या मॅडमना ठाऊक आहे सात कोण ते. त्या म्हणाल्या म्हणे, या कामाला हात तुझाच बसलाय, तूच कर.

बुधवारी त्यांना विजेचा झटका दिला. झटका बसला की पेशीच्या सालीला क्षणभर भोकं पडतात, तेवढ्यात हुकूम आत सरकतात आणि भोकं परत मिटतात. बऱ्याच पेशी झटक्यानेच मरतात, ते गृहीतच. उरलेल्यांतून काम चालवायचं.

आज टाचणी घरी आली आणि बूट न काढताच बसली. सात नंबरच्या सगळ्या गेल्या. आजारी माणसाच्या पेशी, आधीच दमलेल्या, त्यात झटका.

"आणि तो आठवा?"

"आठ छान आहे."

मला राग आला. कुणाचं तरी छान आणि आमचं गेलं. म्हटलं, "त्या आठ नंबरच्या टवळीला दे फेकून आणि सात नंबरकडे बघ जरा. कोण आहे ती?"

"टवळी आहे हे कशावरून?"

"एवढी ठणठणीत आहे म्हणजे टवळीच असणार. मरू दे तिला. आपल्या माणसाचं आधी."

 टाचणीने बूट काढले आणि जागेवर ठेवले, जे ती कधी करत नाही.

२ मार्च

लेक रडला. पन्नाशीचा माणूस. टाचणी कसले तरी कागद घेऊन आली होती, हृदयाचा आलेख असतो तसे. ऑफिसची तपासणी म्हणाली, सगळ्यांची करतात. दोघं बाप-लेक गॅलरीत बोलत होते. मी चहा घेऊन गेले तर हा कठड्याला धरून रडतोय आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय. उलटंच चाललंय सगळं.

मी म्हटलं, "काय हे. पोरीला धीर द्यायचा सोडून तिच्याच गळ्यात पडतोस? स्वतःच्या दुखण्याचं एवढं कौतुक बरं नव्हे."

"माझ्यासाठी नाही रडत, आई."

"मग काय माझ्यासाठी? मी आहे अजून, तुला पोचवून जाईन."

हे मी गमतीने बोलले. माझी बोलायची ढब सगळ्यांना माहीत आहे. लेक हसलासुद्धा. पण आता लिहिताना ते वाक्य कागदावर बरं दिसत नाही.

९ मार्च

पुन्हा सुरुवात. या वेळी झटका नाही. हुकमांच्या बारीक चिठ्ठ्या चरबीच्या थेंबांत गुंडाळायच्या आणि पेशींवर सोडायच्या. पेशीची साल पण चरबीचीच, ती थेंबाला आपला समजून आत घेते. युक्ती गोड आहे. पण चिठ्ठी एका दिवसात विरून जाते, म्हणून रोज नवी द्यावी लागते, ठरलेल्या वेळेला, दोनेक आठवडे. एक दिवस चुकला तर पेशी हुकूम विसरतात, परत कातडी होतात.

"सुट्टीचा दिवस?"

"त्यांना काय माहीत सुट्टी."

आणि सातच्या पेशींची ही गोठवून ठेवलेली शेवटची कुपी. पुन्हा कातडी काढता येत नाही. लेकाला रक्त पातळ करायची औषधं सुरू आहेत आणि अंगात आता काही उरलं नाही. डॉक्टर हात लावू देत नाहीत.

हे काम तिथे दोघांनाच येतं. टाचणी आणि एक चष्मेवाला. चष्मेवाला मी पाहिलाय, फोनवर बोलतानाही लाजतो. टाचणीत त्याचा जीव गुंतलाय हे मला दिसतं, तिला दिसत नाही की दिसूनही ती बघत नाही. सरळ विचारलं. ती म्हणाली, "आजी, मला नाही कुणाला या घोळात ओढायचं." कसला घोळ? बापाचं दुखणं म्हणजे घोळ? बाप बरा होईल की.

१६ मार्च

लेकाला दवाखान्यात ठेवलं. पाय सुजले, आडवं झालं की गुदमरतो. उशांचा डोंगर करून बसवलंय. खाट खिडकीजवळची आहे, तेवढंच.

टाचणी रोज दुपारी लॅबमध्ये जाते, डोस देते, परत येते. आज परत आली तेव्हा तिलाच धाप. "धावत आले," म्हणाली. मी डॉक्टरला म्हटलं, या पोरीला पण एक टॉनिक लिहून द्या. डॉक्टर तिच्याकडे बघत म्हणाला, "गोळ्या वेळेवर घेतेस ना?" ती म्हणाली, "हो." कसल्या गोळ्या ते मला कुणी सांगितलं नाही. डोकं दुखतं तिचं, त्याच्या असतील.

लेक दवाखान्याच्या लिफ्टवर खवळलाय. म्हणतो, "आई, कान दे. तिसऱ्या मजल्यावर थांबताना धक्का मारते बघ. ब्रेकचा पट्टा झिजलाय. कुणीतरी सांगायला हवं."

"तू बरा हो आणि तूच सांग."

"बरं," म्हणाला, आणि परत कान लावून बसला.

२० मार्च

काल लिहिता आलं नाही. आज जसं झालं तसं लिहिते.

काल सकाळपासून त्याची कळा उतरलेली होती. बोलणं तुटक. टाचणी खाटेच्या कडेला बसून त्याचे पाय चोळत होती. दुपार झाली तशी तिची नजर सारखी घड्याळाकडे जायला लागली. तिने चष्मेवाल्याला फोन लावला. तो तापाने पडलेला. ताप असलेल्या माणसाला त्या खोलीत पाऊल ठेवू देत नाहीत, पेशींना संसर्ग होतो. म्हणजे जायचं तर तिनेच.

ती म्हणाली, "आजचा राहू दे."

मी म्हटलं, "राहू दे काय? इतके दिवस दिलेलं पाण्यात जाईल. शेवटची कुपी आहे, तूच म्हणालीस."

"आजी, आज नको."

"अगं, त्याच्याचसाठी चाललंय ना ते? इथे बसून पाय चोळशील त्याने काय होणार? पाय मी चोळते. माझे हात काय मोडलेत? जा, डोस देऊन ये."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कुठल्या परक्या भाषेत बोलतेय. तेवढ्यात लेकाने डोळे उघडले. सगळं ऐकलं असणार. म्हणाला, "जा, टाचणे." एरवी तो तिला या नावाने हाक मारत नाही, माझ्यावर रागावतो. "जा. मला नाही, तुला कामाला येईल ते."

आजारी माणूस चिडचिडा होतो. मी म्हटलं, "तुला का नाही? तुलाच येणार. काहीतरीच बोलू नकोस."

 तो तिलाच म्हणाला, "अर्धवट टाकायचं नाही. मी एकही लिफ्ट अर्धवट टाकलेली नाही." मग त्याला खूप वेळ लागला श्वास गोळा करायला. टाचणी उठली, त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि गेली. दाराशी एकदा वळली. मी हातानेच घालवलं तिला, कोंबडीला घालवतात तसं.

मी पाय चोळत बसले. पाय थंड होते. थोड्या वेळाने लेक म्हणाला, "आई, आली बघ लिफ्ट." मी ऐकलं. खरंच तिसऱ्या मजल्यावर धक्का बसला, मलाही कळला. मी म्हटलं, "हो रे, मारते धक्का." त्याला बरं वाटलं असावं, कुणीतरी मानलं म्हणून. त्यानंतर तो बोलला नाही. मला वाटलं डोळा लागला. मी चोळतच होते. नर्स आली आणि तिने माझे हात धरून बाजूला केले, तेव्हा समजलं.

टाचणी आली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. हाताला तिच्या स्पिरिटचा वास. मी आधी विचारलं, "दिलास?"

"दिला."

"बरं," म्हटलं. मग सांगितलं.

ती रडली नाही. आत गेली. काचेतून मला दिसत होतं, तिने त्याच्या अंगावरची चादर सरळ केली, परत केली, परत केली.

मीच पाठवलं तिला. लिहून ठेवते, नाहीतर म्हातारपणी वेगळंच आठवायला लागेल.

२४ मार्च

त्याला पोचवून आलो त्याला चार दिवस झाले. त्याचे जुने सोबती आले होते, सगळे लिफ्टवाले. मोठमोठी माणसं, ग्रीसने नखं काळी झालेली, कुठे उभं राहावं ते न कळून भिंतीला चिकटून उभी. त्यातल्या एकाला मी बाजूला घेतलं आणि दवाखान्याच्या लिफ्टचं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, ते काम दुसऱ्या कंपनीकडे आहे." मी म्हटलं, "मी कंपनी विचारली का? पट्टा झिजलाय, माझा लेक सांगून गेलाय." तो मान खाली घालून म्हणाला, "बघतो." आज त्याचा फोन आला. बदलला पट्टा.

टाचणी तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज डोस द्यायला जाते. आता कशासाठी, ते मी विचारलं नाही. खालच्या मजल्यावरची शेजारीण, जिला मी रेडिओ म्हणते, ती जिन्यात गाठून म्हणाली, "बाप जाऊन आठवडा नाही झाला आणि पोरगी नटूनथटून कामावर?"

"नटून? तिच्या अंगावर परवाचेच कपडे आहेत. डोळे तपासून घ्या."

"मी आपलं काळजीने बोलले."

"काळजी घरात जाऊन करा, जिन्यात जागा कमी आहे."

भांडून जरा बरं वाटलं. वर आले तर टाचणीने सगळं ऐकलेलं. म्हणाली, "आजी, कपडे खरंच परवाचेच आहेत." आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिचं काय झालं कुणास ठाऊक, जमिनीवरच बसली, छातीला हात लावून. रडू येतंय वाटलं मला. बरं झालं, म्हटलं, एकदाचं बाहेर पडू दे. पण रडलीही नाही, नुसती बसून राहिली.

३ एप्रिल

झालं. सात नंबर मागे फिरला. टाचणी म्हणाली, कातडीच्या पेशी लांबट असतात, विस्कटलेल्या दोऱ्यांसारख्या. त्यांत आता जागोजागी गोल, गच्च पुंजके उठलेत. त्यातले चांगले पुंजके तिने सुईने उचलून वेगळे केले. आणि चिठ्ठ्यांचा मागमूस नाही, तपासलं. कच्चा टाका निघाला.

मी विचारलं, "आनंद झाला का?"

"हो," म्हणाली. मग भात तसाच ठेवून उठली.

मला काय वाटतं ते मला कळत नाही. लेक नाही. त्याची मसुराएवढी कातडी बाळ झाली आहे. या वयात नातवंडाचं बारसं तरी समजतं, हे कोणत्या नात्यात बसवायचं?

२६ जून

एवढे दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. उठणं, करणं, निजणं. टाचणी वाळत चालली आहे.

आज ती मला लॅबमध्ये घेऊन गेली. म्हणाली, "आजी, सात नंबर हलायला लागला." मला निळा कोट, टोपी, बुटांवर पिशव्या, सगळं चढवलं. आरशात बघितलं तर मी शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरीणबाई. चष्मेवाला तिथेच होता. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली. एकदा पुसलेलीच होती, परत पुसली. चांगला आहे.

काचेच्या बशीत गुलाबी पाणी. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. लहानसा ढीग, राखाडी, आणि तो धडधडत होता. कुणी हात न लावता, आपोआप. बंद, उघड. बंद, उघड. मग एक ठोका गाळला. मग दोन घाईघाईने. मग परत चालू.

हा ताल मला माहीत आहे. मी पाठीला कान लावून ऐकलाय तो, त्याला धाप लागली की.

मी डोळा काढला. म्हटलं, "हे बरं नाहीये."

"नाही."

"हे त्याचंच आहे. दुखण्यासकट."

"हो, आजी."

मग मात्र माझा तोल गेला. त्या सगळ्या पांढऱ्या खोलीत मी आवाज चढवला. "एवढा जीव काढलात, बापाच्या शेवटच्या घटकेला पोरगी इथे उभी, आणि केलंत काय? तोच रोग परत केलात? मी आपली त्याला सांगत होते नवं हृदय शिवतायत, नवं हृदय शिवतायत. आणि तुम्ही फाटकंच शिवत होतात?"

चष्मेवाला बाहेर सटकला. टाचणी जागची हलली नाही.

"बाबासाठी ते कधीच नव्हतं, आजी. एवढ्यात होत नसतं. त्याला माहीत होतं. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी त्याला."

"मला का नाही?"

"तो म्हणाला, आईला राहू दे. तिला धरायला काहीतरी हातात लागतं."

मी खुर्चीवर बसले.  आखूड सदऱ्याची थट्टा करत होता तो तेव्हा. सगळं माहीत असून.

मग विचारलं, "फाटकं कशाला हवं?"

"फाटकं समोर असल्याशिवाय ठिगळ कशावर लावून बघणार? औषधं यावर घालून बघायची. कुठल्या औषधाने ताल सुधारतो ते. माणसावर आधी नाही घालता येत."

"कुणासाठी?"

"पुढच्यांसाठी," म्हणाली, आणि बशी परत उबेच्या पेटीत ठेवायला वळली.

२७ जून

काल पुरं लिहिलं नाही. हात थांबला होता.

तिने पेटी उघडली तेव्हा आत मला बशा दिसल्या. सात. शेजारी आठ. आणि तिसरी रिकामी, तिच्यावर नऊ लिहिलेलं.

मी विचारलं, "ही कुणाची?"

"तुझी. तू दिलीस तर. दंडाचा एवढासा तुकडा."

"माझी कशाला? मला काय धाड भरलीय?"

"म्हणूनच. घरातलं एक धडधाकट माणूस लागतं शेजारी ठेवायला. काय फरक आहे ते तेव्हाच कळतं."

"कुणाच्या घरातलं?"

"सात आणि आठच्या."

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं. पेटीचं दार तिने हळूच लावलं. माझ्याकडे पाठ होती तिची. पाठ केवढीशी आहे पोरीची.

सात आणि आठचं घर एकच. मी अडाणी आहे, पण एवढी बेरीज मला येते. तिच्या दंडाची चिकटपट्टी. गॅलरीतले कागद. डॉक्टरच्या गोळ्या. मला नाही, तुला कामाला येईल. लेक ज्याच्यासाठी रडला ते. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी टॉनिक मागत बसले.

 आयुष्यात पहिल्यांदा तोंडाशी एकसुद्धा शब्द आला नाही. फक्त बाही वर केली. मग तिने डॉक्टरला बोलावलं. त्याने सुई दाखवून विचारलं, भीती वाटते का. म्हटलं, "बाळा, सुया माझ्या हातात तुझ्या जन्माआधीपासून आहेत. एक तुकडा कशाला, दोन घे. कापताना वाया गेलं तर परत यायला नको."

आज वहीतलं फेब्रुवारीचं पान काढलं. आठ नंबरला मी काय काय म्हटलंय ते वाचलं. खोडायला पेन टेकवलं. मग तसंच ठेवलं. खोडल्याने ऐकलेलं कमी होत नाही.

३० जून

पट्टी बदलायला पुन्हा जाऊन आलो. येताना रस्ता थोडा चढाचा. टाचणी बोलत होती आणि मधेच गप्प झाली, पावलं लहान झाली. मी दिसेल त्या पहिल्या थांब्यावर बाकावर बसकण मारली.

"गुडघे," म्हटलं.

माझे गुडघे दगडाचे आहेत, तिला चांगलं माहीत आहे. तीही बसली. दोघी रस्त्याकडे बघत राहिलो. ती तोंड मिटून श्वास घेत होती, आवाज होऊ नये म्हणून. मी पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं.

बस आली. दार उघडलं. तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता.

मी म्हटलं, "ही नको. भरलेली आहे."

बसमध्ये ड्रायव्हरशिवाय कोणी नव्हतं. टाचणीने बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो," म्हणाली, "खूप भरलेली आहे."

दार मिटलं, बस गेली. आम्ही पुढचीही सोडली.